सतराव्या गटाचा प्रश्न

एखाद्या संशोधनसंस्थेत अथवा मोठ्या कचेरीत, जेथे शेकडो संगणक एकाच मध्यवर्ती भांडारातील फाइली वाचतात आणि लिहितात, तेथील व्यवस्थापकापुढे कधी ना कधी अशी एक तक्रार येते की जिचे कारण प्रथमदर्शनी कोठेच सापडत नाही. एखाद्या कार्यकर्त्यास नव्या प्रकल्पाच्या गटात रीतसर दाखल केलेले असते. गटाच्या यादीत त्याचे नाव असते. 'मी कोणकोणत्या गटांत आहे' असे त्याने आपल्या संगणकास विचारले असता संगणक तो नवा गटही निःशंकपणे दाखवितो. प्रकल्पाच्या फाइलींवर त्या गटास वाचण्याचा व लिहिण्याचा अधिकार दिलेला आहे हेही उघड दिसते. आणि तरीही फाइल उघडू जाता 'परवानगी नाही' एवढेच उत्तर मिळते. या तक्रारीचे निवारण करू पाहणारा मनुष्य नावे तपासतो, अधिकार तपासतो, यंत्र बंद करून पुन्हा चालू करतो, आणि सर्व दाखले बरोबर असता निकाल मात्र विपरीत का लागतो, या कोड्यापाशी येऊन थांबतो. कारण असे असते की तो कार्यकर्ता सोळाहून अधिक गटांचा सभासद झालेला असतो, आणि त्याच्या संगणकापासून भांडारापर्यंत जाणाऱ्या प्रत्येक विनंतीत गटांसाठी सोळाच जागा राखलेल्या असतात. ही हद्द का घातली गेली, ती इतकी वर्षे का टिकली, आणि संगणक व भांडार यांच्यातील संवादाच्या नियमावलीची, म्हणजे प्रोटोकॉलची, नवी आवृत्ती घेतल्याने ती खरोखर उठते काय, याचा विचार येथे करावयाचा आहे. माझ्या मते हा प्रश्न आकड्याचा कमी आणि साक्षीचा अधिक आहे; वापरकर्ता कोण आणि तो कोणकोणत्या गटांचा, ही साक्ष कोणी द्यावयाची आणि कोणी ती ग्राह्य मानावयाची, हा त्याचा गाभा होय.

युनिक्स ही प्रणाली १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून जन्मास आली, आणि थोड्याच वर्षांत तिची अधिकारव्यवस्था जे रूप घेऊन स्थिरावली ते विलक्षण मोजके होते. प्रत्येक फाइलीचा एक मालक आणि एक गट. मालक, गट व इतर अशा तीन वर्गांना वाचणे, लिहिणे व चालविणे असे तीन अधिकार. म्हणजे एकंदर नऊ होकार-नकारांत सारा बंदोबस्त आटोपलेला. प्रणालीच्या गाभ्यास, म्हणजे कर्नलला, माणसांची आणि गटांची नावे ठाऊक नसतात. त्यास ठाऊक असतात ते केवळ क्रमांक, आणि क्रमांकास नाव जोडण्याचे काम अलाहिदा यादीकडे सोपविलेले असते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत कोणतीही व्यक्ती एका वेळी एकाच गटाच्या वतीने वावरू शके. दुसऱ्या गटाचे काम करावयाचे झाल्यास 'न्यूग्रप' ही आज्ञा देऊन आपला गट बदलून घ्यावा लागे. बर्कली विद्यापीठातील मंडळींनी १९८३ च्या आपल्या ४.२ आवृत्तीत ही अडचण दूर केली, आणि एकच व्यक्ती एकाच वेळी अनेक गटांची सभासद असू शकेल अशी सोय केली. त्या पूरक गटांची यादी आरंभी फारच तोकडी होती आणि पुढे ती सोळावर येऊन थांबली. एका यंत्रावर काही डझन माणसे काम करीत असता एखाद्याला सोळाहून अधिक गट लागतील अशी शंका त्या काळी कोणास आली नाही, यात त्यांचा दोष काढण्यासारखे मला काही दिसत नाही.

१९८२ साली कॅलिफोर्नियात सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत अँडी बेख्टोल्शाइम, स्कॉट मॅकनीली व विनोद खोसला हे होते, आणि बर्कलीच्या युनिक्समागील प्रमुख कर्तबगार पुरुष बिल जॉय हेही लवकरच त्यांना येऊन मिळाले. प्रत्येकाच्या टेबलावर स्वतंत्र संगणक, आणि ते सर्व संगणक एका जाळ्याने जोडलेले, ही त्या कंपनीची मूळ कल्पना. परंतु टेबले वेगळी झाली तरी माणसांना फाइली एकत्रच लागतात. म्हणून दूरच्या यंत्रावरील फाइल आपल्याच यंत्रावर असल्याप्रमाणे वापरता यावी यासाठी सनने नेटवर्क फाइल सिस्टिम, म्हणजेच एन.एफ.एस., निर्माण केली. रसेल सँडबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ च्या उन्हाळ्यात युझेनिक्सच्या परिषदेत तिची रचना विद्वानांपुढे मांडली. तिची नियमावली सनने स्वतःपाशी दडवून ठेवली नाही, सर्वांस खुली केली, आणि तिचा प्रसार एवढ्या वेगाने होण्यास हे औदार्य बऱ्याच अंशी कारण झाले.

या रचनेतील एक निर्णय आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. भांडार सांभाळणाऱ्या यंत्राने, म्हणजे सर्व्हरने, कोण कोणती फाइल उघडून बसला आहे याचे काहीही स्मरण ठेवू नये, असे सनच्या अभियंत्यांनी ठरविले. त्यामागील हेतू उत्तम होता: सर्व्हर मध्येच कोसळला आणि पुन्हा उभा राहिला, तरी विनंती करणाऱ्या, म्हणजे क्लायंट, संगणकांनी तीच विनंती पुन्हा पाठवावी आणि काम पुढे चालू राहावे, कोसळण्यापूर्वीच्या स्थितीची जुळवाजुळव करण्याची तसदी कोणासही पडू नये. परंतु ज्यास स्मरण नाही त्याच्याशी बोलताना प्रत्येक वेळी आपली सगळी ओळख नव्याने सांगावी लागते. म्हणून एन.एफ.एस.च्या प्रत्येक विनंतीसमवेत, मग ती फाइलीचा एखादा लहानसा तुकडा वाचण्याची का असेना, विनंती करणाऱ्याचा क्रमांक आणि त्याच्या गटांचे क्रमांक पाठविणे प्राप्त झाले. आणि प्रत्येक विनंतीबरोबर जी गोष्ट पाठवावयाची ती आखूड असली पाहिजे, हे ओघानेच आले.

ही ओळख ज्या मजकुरात भरली जाते त्यास पूर्वी 'ऑथ-युनिक्स' म्हणत आणि आता 'ऑथ-सिस' म्हणतात. त्यात एक शिक्का-क्रमांक, क्लायंट यंत्राचे नाव, वापरकर्त्याचा क्रमांक, त्याच्या मुख्य गटाचा क्रमांक, आणि शेवटी पूरक गटांची यादी असते. त्या यादीपुढे नियमावलीने कमाल आकडा लिहिला आहे सोळा. हा आकडा वाढवून चाळीस किंवा चारशे करावा, असे कोणासही सुचेल; परंतु त्या मजकुराभोवती आणखी एक कुंपण आहे. ओळखीचा कोणताही मजकूर ४०० बाइटांहून मोठा असू नये, असा त्याच नियमावलीचा दंडक आहे. हिशेब मांडून पाहावा. यंत्राचे नाव २५५ अक्षरांपर्यंत असू शकते आणि चारच्या पटीत भरून घेतल्यावर त्यास २५६ बाइट लागतात, शिक्का, नावाची लांबी, वापरकर्ता, मुख्य गट आणि यादीची लांबी यांना प्रत्येकी चार, म्हणजे वीस, एकूण २७६. उरलेल्या १२४ बाइटांत, प्रत्येक गटास चार या दराने, फार तर एकतीस गट मावतील. सोळांचा आकडा दुप्पट करण्याइतकीही जागा तेथे नाही. ग्लस्टर-एफ.एस. या अलीकडच्या फाइलप्रणालीने सोळांचा नियम झुगारून स्वतःचा मजकूर तयार केला, तरी ४०० बाइटांचे कुंपण तिने तसेच ठेवले, आणि परिणामी तिच्या गटांची धाव सुमारे त्र्याण्णवपर्यंत जाऊन थांबली.

सोळाहून अधिक गट असलेल्या माणसाचे पुढे काय होते, हे पाहिले म्हणजे प्रारंभी वर्णिलेल्या तक्रारीचे गूढ उकलते. वारसनोंदीच्या छापील अर्जात सोळाच ओळी असाव्यात, आणि कारकुनाने पहिली सोळा नावे उतरवून सतरावे नाव वगळावे, पण ते वगळल्याची खूण कोठेही करू नये, असा हा प्रकार आहे. क्लायंट यंत्र तक्रार करीत नाही, सर्व्हर इतल्ला देत नाही. उरलेले गट मुकाट्याने गळतात. आणि गळतात ते कोणते? लिनक्सचा कर्नल गटांची यादी क्रमांकाच्या चढत्या क्रमाने लावून ठेवतो, म्हणून सर्वांत लहान क्रमांकाचे सोळा गट तेवढे रवाना होतात. डेबियन लिनक्समध्ये सीडी वाचण्याच्या यंत्राच्या गटाचा क्रमांक २४, फ्लॉपीचा २५, ध्वनीचा २९, चित्राचा ४४, काढ-घाल करता येणाऱ्या उपकरणांचा ४६. वापरकर्त्यास हे गट दिलेले असले म्हणजे सोळांपैकी पहिल्या जागा ते अडवून बसतात, यद्यपि दूरच्या सर्व्हरवरील संशोधनाच्या फाइलींशी फ्लॉपीच्या गटाचा काडीइतकाही संबंध नसतो. संस्थेच्या मध्यवर्ती निर्देशिकेतून आलेल्या प्रकल्पगटांचे क्रमांक मात्र बहुधा चार-पाच आकडी असतात, आणि त्यांतही सर्वांत नवा प्रकल्प बहुधा सर्वांत मोठ्या क्रमांकाचा असतो. सारांश, ज्या गटाची त्या माणसास आज सर्वाधिक निकड आहे तोच गट प्रथम गळतो. यंत्रावर विचारले असता यादी पूर्ण दिसते, कारण ती कर्नलच्या यादीवरून सांगितली जाते. २००४ पासून लिनक्सचा कर्नल एका व्यक्तीस ६५,५३६ गटांपर्यंत मुभा देतो. कपात होते ती वाटेवर घालावयाच्या मजकुरात.

आता एन.एफ.एस.च्या आवृत्त्यांकडे वळू. दुसऱ्या आवृत्तीची नियमावली १९८९ साली इंटरनेटच्या आर.एफ.सी. या दस्तऐवजमालेत आर.एफ.सी. १०९४ म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यात एका खेपेस फार तर ८,१९२ बाइट वाचता येत आणि फाइलीची लांबी ३२ बिटांच्या आकड्यात बसवावी लागे. जून १९९५ मधील तिसऱ्या आवृत्तीने लांबीचा आकडा ६४ बिटांचा केला, खेपेची मर्यादा सैल केली, आणि एखादी कृती मला करू द्याल काय असे सर्व्हरलाच विचारण्याची सोय दिली. त्यानंतर सनने नियमावलीचा ताबा इंटरनेटच्या मानकसंस्थेकडे सोपविला, आणि तिच्या देखरेखीखाली २००० साली व सुधारून २००३ साली चौथी आवृत्ती आली; तिच्या ४.१ आणि ४.२ या पुढील पायऱ्या अनुक्रमे २०१० आणि २०१६ मधील. चौथ्या आवृत्तीने जुनी विस्मरणशीलता टाकून दिली, कुलूप लावण्याची व्यवस्था पोटात घेतली, आणि सारा व्यवहार २०४९ या एकाच पोर्टवरून चालेल असे केले.

इतके सगळे पालटले, पण सोळांची हद्द हलली नाही. आणि ती का हलली नाही हे ज्याला उमगले त्याला या विषयाचे मर्म उमगले, असे मी म्हणेन. ती हद्द एन.एफ.एस.च्या नियमावलीत मुळी लिहिलेलीच नाही. एन.एफ.एस. ज्या पायावर उभी आहे त्या दूरस्थ आज्ञापद्धतीच्या, म्हणजे आर.पी.सी.च्या, नियमावलीत ती आहे; १९८८ च्या प्रतीत जो सोळांचा आकडा आहे तोच २००९ च्या प्रतीतही कायम आहे. वरचा मजला कितीदा नव्याने बांधला तरी जोत्याची लांबीरुंदी बदलत नाही. म्हणून एखाद्या व्यवस्थापकाने मोठ्या आशेने सर्व संगणक तिसऱ्या आवृत्तीवरून चौथ्या आवृत्तीवर आणले, परंतु ओळखीची पद्धत 'सिस' हीच ठेवली, तर सतरावा गट पूर्वीइतकाच बेपत्ता राहतो. गैरसमजास येथे आणखी एक निमित्त मिळते. चौथ्या आवृत्तीत फाइलीचा मालक आणि गट क्रमांकाऐवजी 'नाव@क्षेत्र' अशा अक्षरांत पाठविण्याची सोय आहे, आणि ती पाहून वापरकर्त्याची ओळखही आता नावानेच पटविली जात असेल असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ती नावे फाइलीचे वर्णन करतात; विनंती कोण करीत आहे हे सांगणारा मजकूर त्याहून निराळा असतो, आणि 'सिस' पद्धतीत तो क्रमांकांचाच राहतो.

सोळांच्या आकड्याकडे इतका वेळ पाहिल्यावर त्यामागे दडलेली अधिक गंभीर गोष्ट सांगितलीच पाहिजे. 'ऑथ-सिस' पद्धतीत वापरकर्त्याचा क्रमांक आणि त्याचे गट सर्व्हरला कोण सांगतो? क्लायंट यंत्र. सर्व्हर त्याची पडताळणी कशी करतो? करीतच नाही. ज्याच्या हाती क्लायंट यंत्राचा सर्वाधिकार आहे तो स्वतःस वाटेल त्या क्रमांकाचा वापरकर्ता बनवून घेऊ शकतो, आणि त्या वेषात त्याने पाठविलेली विनंती सर्व्हर प्रामाणिक मानतो. सर्वाधिकाऱ्याचा शून्य क्रमांक आला तर त्यास अनामिक वापरकर्त्याच्या पातळीवर उतरविण्याची खबरदारी बहुतेक सर्व्हर घेतात, पण दुसऱ्या कोणा साध्या वापरकर्त्याचा क्रमांक धारण केल्यास ती खबरदारी निरुपयोगी ठरते. जेव्हा जाळ्यावरील प्रत्येक यंत्र संस्थेच्याच मालकीचे, संस्थेच्याच माणसाच्या देखरेखीखालचे होते, तेव्हा हा विश्वास रास्त होता. ज्याच्या पिशवीत स्वतःचा संगणक आहे असा प्रत्येक मनुष्य जेथे जाळ्यास जोडला जातो, तेथे तो रास्त नाही.

याला पर्याय त्या काळीही ठाऊक होता, हे नमूद करणे अगत्याचे आहे. त्याच १९८० च्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठाने आय.बी.एम.च्या साहाय्याने अँड्र्यू फाइल सिस्टिम घडविली. तीत वापरकर्त्याने प्रथम आपली ओळख सिद्ध करावयाची, आणि त्याचे गट कोणते हे फाइल सर्व्हरने संरक्षण-सर्व्हरच्या नोंदीतून स्वतः काढून घ्यावयाचे, अशी रीत होती. गट क्लायंटकडून येत नसल्यामुळे विनंतीत त्यांच्या यादीस जागा लागत नसे, आणि सोळांसारखा प्रश्न तेथे उद्भवण्याचे कारणच नव्हते. सनच्या मंडळींनीही सुरक्षित आर.पी.सी. म्हणून एक प्रयत्न केला होता, परंतु त्यातील गुप्त किल्ल्यांचे गणित १९२ बिटांच्या मूळसंख्येवर उभे होते, आणि १९९१ मध्ये लामाकिया व ओडलिझ्को या दोघांनी ते भेदता येते असे दाखवून दिले. त्यानंतर त्या पद्धतीवर कोणी भिस्त ठेवावी अशी तिची स्थिती उरली नाही.

आता उपायांकडे. सर्वांत जुना उपाय 'न्यूग्रप' हाच. हव्या त्या गटास मुख्य गट करून घेतले की तो सोळांच्या यादीबाहेरच्या स्वतंत्र जागेतून जातो. एका माणसाची एका दिवसाची नड यातून भागते. अनावश्यक गट काढून टाकणे, लहान गटांचे एकत्रीकरण करणे, किंवा फाइलीवर व्यक्तीच्या नावानेच अधिकार देणारी विस्तृत यादी जोडणे, हेही होते. परंतु हे सारे हद्दीच्या आत राहून अंग चोरण्याचे मार्ग आहेत, आणि संस्था वाढत असेल तर ते पुरे पडत नाहीत.

याहून पक्का उपाय असा की क्लायंटने पाठविलेली गटांची यादी सर्व्हरने बाजूस सारावी, वापरकर्त्याचा क्रमांक तेवढा घ्यावा, आणि त्याचे गट कोणते याचा शोध स्वतःच्या निर्देशिकेत घ्यावा. लिनक्सच्या सर्व्हरवर माउंटडी या सेवकास 'मॅनेज-जिड्स' हा पर्याय दिला म्हणजे हे घडते. फ्रीबीएसडीतही याच नावाची सोय आहे, आणि नेटॲपच्या भांडारयंत्रांत अशाच रीतीने १,०२४ गटांपर्यंत जाता येते. क्लायंट यंत्रांवर काहीही बदलावे लागत नाही, प्रोटोकॉलची आवृत्तीही तीच राहू शकते. यामुळे घाईत असलेल्या व्यवस्थापकास हा मार्ग फार सोयीचा. मात्र त्याच्या अटी नीट समजून घ्याव्यात. सर्व्हरला त्या वापरकर्त्यांची माहिती असली पाहिजे, म्हणजे सर्व्हर आणि क्लायंट या दोघांनी एकाच निर्देशिकेतून नावे व क्रमांक घेतले पाहिजेत. ज्या सर्व्हरला केवळ क्रमांक ठाऊक आणि नावे अज्ञात, त्यावर हा पर्याय चालू केल्यास वापरकर्त्यांचे होते ते गटही नाहीसे होतात. शोधून काढलेली यादी लिनक्सचा सर्व्हर सर्वसाधारणपणे अर्धा तास जपून ठेवतो, तेव्हा नव्या गटाचा अंमल बसण्यास तितका विलंब लागू शकतो. आणखी एक सूक्ष्म बाब आहे. एखादी आज्ञावली सावधगिरीने आपले पूरक गट मुद्दाम टाकून देऊन काम करीत असेल, तर सर्व्हर ते तिला न विचारता परत बहाल करतो, आणि त्या सावधगिरीचा हेतू फसतो. मुख्य गटास मात्र हा पर्याय हात लावीत नाही, त्यामुळे 'न्यूग्रप' पूर्वीप्रमाणे चालते.

या उपायाने गटांची साक्ष क्लायंटकडून सर्व्हरकडे आली, पण व्यक्तीची साक्ष क्लायंटकडेच राहिली. तीही तेथून काढून घ्यावयाची, तर केर्बेरॉसकडे जावे लागते. केर्बेरॉस ही पद्धत १९८३ साली सुरू झालेल्या मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेच्या अथीना प्रकल्पात उदयास आली, आणि तिची पाचवी आवृत्ती १९९३ मध्ये मानक म्हणून नोंदली गेली. तिच्यात वापरकर्ता, क्लायंट आणि सर्व्हर यांचा एकमेकांवर विश्वास असावा लागत नाही. सर्वांचा विश्वास किल्ल्या सांभाळणाऱ्या एका तिऱ्हाईत केंद्रावर असतो. वापरकर्त्याने आपला परवलीचा शब्द जाळ्यावरून न धाडता तो आपल्याला ठाऊक असल्याचे केंद्रास पटवून द्यावयाचे, केंद्राने त्यास मुदतीचे तिकीट द्यावयाचे, आणि त्या तिकिटाच्या बळावर सर्व्हरपुढे उभे राहावयाचे. हे तिकीट आर.पी.सी.मध्ये गुंफण्याची रीत १९९७ च्या आर.एफ.सी. २२०३ ने घालून दिली, आणि चौथ्या आवृत्तीच्या प्रत्येक अंमलबजावणीत ती असलीच पाहिजे असा नियम झाला. विनंतीत आता गटांची यादी नसते, क्रमांकही नसतो. असतो तो सिद्ध झालेल्या नावाचा संदर्भ. त्या नावावरून वापरकर्त्याचा क्रमांक कोणता आणि त्याचे गट किती, हे सर्व्हर आपल्या निर्देशिकेतून ठरवितो. सोळांचा आकडा येथे कोणी मोठा केला नाही. तो जेथे लिहिला होता तो मजकूरच व्यवहारातून गेला. ओळखीच्या शाश्वतीखेरीज मजकुरात वाटेत फेरफार झाला नाही याची खात्री, आणि त्याहून पुढे मजकूर गुप्त राखणे, अशा आणखी दोन चढत्या पायऱ्या या पद्धतीत आहेत. जितकी पायरी वरची तितका प्रोसेसरवरील भार अधिक.

या स्थित्यंतरास श्रम पडतात, आणि ते लपविणे योग्य नव्हे. प्रत्येक यंत्रास स्वतःची किल्ली द्यावी लागते आणि ती जपावी लागते. यंत्रांची नावे जाळ्याच्या नामनोंदीत अचूक असावी लागतात. घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक अंतर पडले तर तिकिटे सामान्यतः नाकारली जातात. तिकिटाची मुदत बहुधा दहा तास ते एक दिवस इतकी असते, त्यामुळे आठवडाभर चालणारी गणिते आणि मध्यरात्री आपोआप सुरू होणारी कामे यांच्यासाठी नूतनीकरणाचा वेगळा बंदोबस्त करावा लागतो. संशोधनसंस्थांत या बदलास जो विरोध होतो तो बहुतांशी याच कारणाने होतो, आणि तो विरोध अनाठायी नाही. शिवाय जेथे किल्ल्यांचे केंद्र मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीचे असते, तेथे तिकिटातच वापरकर्त्याच्या सर्व गटांची नोंद गुंडाळून दिली जाते, आणि गट शेकड्यांनी मोजावे लागले की तिकीट फुगत जाते. विंडोजने अशा तिकिटासाठी पूर्वी १२,००० बाइट राखून ठेवले होते. २०१२ च्या सुमारास ते ४८,००० करावे लागले. आणि तरीही एका व्यक्तीस हजाराच्या आसपास गटांची सीमा आहेच. लिनक्सचा जुना एन.एफ.एस. सेवक अशी मोठी तिकिटे स्वीकारताना अडखळत असे. २०१३ मधील ३.१० या कर्नलपासून जी.एस.एस.-प्रॉक्सी या नव्या मध्यस्थाकडे ते काम दिल्यावर ती अडचण सरली.

अलीकडे, सप्टेंबर २०२२ मध्ये, आर.पी.सी.चा सारा व्यवहार टी.एल.एस.च्या गुप्त वेष्टनातून नेण्याचे मानक आर.एफ.सी. ९२८९ म्हणून प्रसिद्ध झाले आहे. केर्बेरॉसची उठाठेव न करता जाळ्यावरील चोरट्या नजरा टाळता येतात, आणि क्लायंट यंत्र खरोखर आपलेच आहे काय हेही प्रमाणपत्रावरून पडताळता येते, म्हणून त्याचे स्वागत झाले ते योग्यच आहे. तथापि त्या वेष्टनाच्या आत वापरकर्त्याची ओळख बहुधा जुन्या 'ऑथ-सिस' मजकुरानेच जाते, आणि त्या मजकुरात गटांच्या जागा सोळाच आहेत. तेव्हा ही नवी योजना स्वीकारणाऱ्याने सर्व्हरवर गटांचा शोध घेण्याची सोयही तिच्याबरोबर चालू करावी, हे बरे.

कोणता मार्ग घ्यावा, याबद्दल मला जे वाटते ते सांगतो. निर्देशिका एक करणे, म्हणजे प्रत्येक यंत्रावर तीच नावे आणि तेच क्रमांक असतील असे पाहणे, हे काम प्रथम हाती घ्यावे. कारण तिच्यावाचून पुढचा एकही उपाय धड चालत नाही, आणि ती नीट असली तर सर्व्हरवरील गटशोध एका दुपारी सुरू होऊ शकतो. ज्या गणनकेंद्रातील सगळी यंत्रे एका कुलूपबंद दालनात आहेत आणि ज्यांचा सर्वाधिकार दोन-चार जबाबदार माणसांच्या हाती आहे, तेथे इतक्यावरच थांबण्यास हरकत नाही. ज्या फाइलींत माणसांचे आजार, पगार अथवा परीक्षांचे निकाल आहेत, आणि ज्या जाळ्यावर कोणाचाही संगणक येऊन जोडला जातो, तेथे मात्र केर्बेरॉसचे श्रम टाळू नयेत. सुदैवाने एकाच सर्व्हरवरून काही भांडारे जुन्या पद्धतीने आणि काही नव्या पद्धतीने देता येतात, तसेच एका भांडारासही दोन्ही पद्धती तात्पुरत्या लावून ठेवता येतात. त्यामुळे सारी संस्था एका रात्रीत पालटण्याची गरज नसते. प्रथम नाजूक फाइलींचे एखादे लहान भांडार निवडावे, त्यावर काम करणाऱ्यांच्या मुदतीच्या तिकिटांची आणि रात्रीच्या कामांची व्यवस्था लागली की नाही हे काही आठवडे पाहावे, आणि मग त्या भांडारावरून 'सिस' पद्धत काढून टाकावी. ती जोवर तेथे दुसऱ्या क्रमांकावर का होईना शिल्लक आहे, तोवर लबाड क्लायंट तीच निवडणार.